अनुमस्तिष्काच्या कार्याचा शोध
कवटीच्या मागील तळाशी असलेले अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू, कबुतरांतून थराथराने काढल्यावर हालचाल थांबत नाही, तर तिच्यातील सुसूत्रता, म्हणजे स्नायूंचा परस्परमेळ, नाहीसा होतो, हे पिएर फ्लुरांस या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८२४ मध्ये मांडले. १८३७ मध्ये चेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी अनुमस्तिष्कातील मोठ्या चेतापेशींचे वर्णन केले. तरी माणसाविषयीचा भक्कम पुरावा पहिल्या महायुद्धातील जखमींकडून मिळाला, आणि ज्ञानाची ही किंमत विसरण्याजोगी नाही. चेताविकारतज्ज्ञ गॉर्डन होम्स यांनी डोक्याला गोळी लागलेल्या ब्रिटिश सैनिकांना फ्रान्समध्ये बारकाईने तपासले, तेव्हा अनुमस्तिष्काच्या ज्या बाजूला इजा झाली, शरीराच्या त्याच बाजूचे स्नायू शिथिल पडतात आणि हाताचा नेम चुकतो, हे स्पष्ट झाले. हाच नेम तपासण्यासाठी बोट नाकाला लावायला सांगण्याची चाचणी चेताविकारतज्ज्ञ आजही वापरतात.