सातबाऱ्यावर न दिसणारा बोजा

गावाकडे जमिनीचा व्यवहार ठरला की आधी सातबारा काढतात. इतर अधिकारांत बँकेचा बोजा आहे का, ते बघतात. जमिनीत काय मुरलंय, हे मात्र त्यावरून कळत नाही. मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. अमेरिकेतल्या एका खटल्याबद्दल वाचलं, तेव्हा पडला.

जॉर्जिया राज्यात स्वेन्सबरो प्रिंट वर्क्स हा कापडछपाईचा कारखाना होता. १९७६ मध्ये फ्लीट फॅक्टर्स या कंपनीने गिऱ्हाइकांकडून येणाऱ्या रकमांवर त्याला उचल द्यायचा करार केला. तारण होतं कारखाना आणि यंत्रं. १९७९ मध्ये कारखान्याने दिवाळखोरीचा अर्ज केला, १९८१ मध्ये छपाई थांबली. पुढच्या वर्षी फ्लीटने काही यंत्रं लिलावात काढली. हिशेब मिटला, असंच कुणालाही वाटलं असतं.

१९८४ मध्ये सरकारच्या पर्यावरण संस्थेचे लोक तिथे आले. आत विषारी रसायनांची ७०० पिंपं होती आणि ४४ ट्रक भरतील इतका ॲस्बेस्टॉस असलेला कचरा. सफाईला जवळपास ४ लाख डॉलर लागले. कारखाना तर बुडालेला. मग सरकारने बिल लावलं पैसे पुरवणाऱ्या फ्लीटला! १९८० च्या ‘सुपरफंड’ कायद्याचा आधार घेऊन.

१९९० मध्ये अपील न्यायालय म्हणालं, कर्जदाराच्या कारभारात धनकोचा इतका हात असेल की कचऱ्याच्या निर्णयांवर तो प्रभाव टाकू शकेल, तर तोही जबाबदार ठरू शकतो.

बँका हादरल्या. तोवर कर्ज बुडालं तर जास्तीत जास्त दिलेली रक्कम जायची. आता त्याहून मोठं बिल येऊ शकत होतं. ओरड झाली आणि १९९६ मध्ये संसदेने कायदा बदलून धनकोंना बरंच संरक्षण दिलं. पण तारणाच्या जागेचा पूर्वेतिहास तपासायची सवय टिकली. कारण साधं आहे: सफाईचा खर्च कर्जदारावर पडला, तरी हप्ता थकतोच.

पुढे ही जोखीम व्याजदरातही दिसू लागली. पर्यावरणाबाबत तक्रारी असलेल्या कंपन्यांना बँका जास्त व्याज लावतात, असं प्राध्यापक सुधीर चावा यांनी २०१४ च्या शोधनिबंधात दाखवलं.

बँकांना नदीचा कळवळा आला, असं मला वाटत नाही. त्यांना पिंपांचं बिल दिसलं. जिथे असं बिल कुणी पाठवतच नाही, तिथे घाण करणाऱ्यालाही कर्ज स्वस्तात मिळतं आणि तो बोजा शेजारच्या विहिरीवर चढतो.