परान्न व परगृह

मुंबईच्या काळा घोडा भागांत लोखंडी सांगाड्याची एक जुनी, उंच इमारत आहे. आज तिला एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात; परंतु १८७१ सालीं ती वॉट्सन्स हॉटेल या नांवानें उघडली, तेव्हां इंग्लंडांत ओतून जहाजानें आणलेलें तिचें लोखंड हा शहराच्या कौतुकाचा विषय होता. ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें या देशांत प्रथम दाखविलीं गेलीं तीं याच हॉटेलांत. आम्ही दर वर्षीं आमच्या वर्गास जुनी मुंबई दाखविण्यास नेतों, तेव्हां या इमारतीपाशीं थांबतों; आणि दर वर्षीं कोणी ना कोणी ती प्रसिद्ध गोष्ट सांगतोच. जमशेटजी टाटा यांस येथें प्रवेश नाकारला गेला, आणि त्या अपमानाचें उत्तर म्हणून त्यांनीं १९०३ सालीं ताजमहाल हॉटेल उभें केलें, ही ती गोष्ट. अभ्यासकांनीं तिच्या खरेपणाविषयीं शंका घेतल्या आहेत. मुलांस त्या शंका आवडत नाहींत, गोष्ट आवडते.

गतवर्षीं मात्र एका विद्यार्थिनीनें निराळाच प्रश्न टाकला. "सर, आपल्याला कुणीं आंत घेतलं नाहीं ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आपण कुणाला आंत घेतलं नाहीं, ती गोष्ट कुठं सांगतात?" आम्हांस उत्तर ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु त्या उत्तराचा कांहीं भाग आमच्या स्वतःच्या ताटांतला होता. म्हणून आम्हीं घड्याळाकडे पाहिलें आणि वर्गास पुढच्या इमारतीकडे नेलें. तें राहून गेलेलें उत्तर येथें देण्याचा विचार आहे.

पैसे देऊन परक्याच्या हातचें जेवणें आणि परक्याच्या छपराखालीं निजणें ही गोष्ट आज इतकी साधी झाली आहे कीं, तिलाही इतिहास असेल हें चटकन् ध्यानांत येत नाहीं. आमच्या आजीच्या बोलण्यांत 'परान्न' हा शब्द होता, आणि तो ती वर्ज्य करावयाच्या वस्तूंच्या यादींत उच्चारी. प्रवासांत तिच्या दशम्या फडक्यांत बांधलेल्या असत. जुन्या व्यवस्थेंत वाटसरूची सोय नव्हती असें नव्हे. अहिल्याबाई होळकरांनीं (१७२५–१७९५) तीर्थोतीर्थीं घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या; त्यांपैकीं कित्येक अद्यापि उभ्या आहेत. परंतु धर्मशाळा छप्पर देई, अन्न नव्हे. सदावर्त असलेच तर तेथें पुष्कळदां शिधा मिळे: तांदूळ, डाळ, पीठ, मीठ. शिजविलेल्या अन्नास देणाऱ्याच्या जातीचा विटाळ चिकटतो, कोरड्या धान्यास चिकटत नाहीं, असा संकेत होता. म्हणून प्रत्येकानें आपापल्या तीन दगडांची चूल मांडावी आणि आपापल्या धुरांत जेवावें. औदार्य मोठें होतें. पंक्ति मात्र एक नव्हती. आणि ज्यांस विहिरीवरच येऊं दिलें जात नसे, त्यांस त्या शिध्याचा उपयोग तो काय!

या व्यवस्थेस पहिला धक्का आगगाडीनें दिला. १८५३ सालीं मुंबई–ठाणें रस्ता सुरू झाला आणि ज्यांनीं एकमेकांची सावली चुकविली असती ते एका बांकावर बसले. तथापि स्टेशनवर उतरतांच जुनें जग पुनः भेटे: 'हिंदु पाणी' निराळें, 'मुसलमान पाणी' निराळें, आणि हा प्रकार स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत चालला. एक पेला चहा केवढें वादळ उठवूं शकतो, हें पुण्यानें ऑक्टोबर १८९० मध्यें पाहिलें. पंचहौद मिशनांत व्याख्यानास जमलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. न्यायमूर्ति रानडे, टिळक, गोखले यांच्यासारखे गृहस्थ त्यांत होते. कोणीं घेतला, कोणीं नुसता हातांत धरला. पण उपस्थितांचीं नांवें छापून आलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि अखेर रानड्यांसारख्या पुरुषासहि प्रायश्चित्त घ्यावें लागलें. चहा तोच, पुढें केलेला हात परधर्मीयाचा, एवढाच काय तो गुन्हा!

त्याच सुमारास व त्यानंतर इराणांतील यझ्द वगैरे भागांतून आलेले झरतुष्ट्री मुंबईच्या नाक्यानाक्यावर चहाचीं दुकानें थाटूं लागले. १९०४ सालीं निघालेलें कयानी त्यांतलेंच. संगमरवरी टेबल, वाकविलेल्या लांकडाची खुर्ची, ब्रून-मस्का आणि चहा. तेथें गल्ल्यावर बसलेला मालक नाणें वाजवून घेई, गोत्र विचारीत नसे. शेजारींच दुसरें जग होतें. गिरण्यांत कामास आलेल्या कोंकणच्या व घाटावरच्या पुरुषांना एका खोलींत संसार करणाऱ्या बायका महिन्याच्या बोलीनें जेवूं घालीत. याच खाणावळवाल्या बायकांस प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळांत एकत्र आणलें. या खाणावळींनीं गिरणगांव जगविलें, हें निर्विवाद. परंतु खाणावळ बहुधा गांवच्या व नात्याच्या ओळखीवर चाले, आणि ओळख म्हटली कीं तिच्या पाठोपाठ जात येतेच. तात्पर्य, धर्मशाळेंत दाम नव्हता, जात होती. खाणावळींत दामहि होता आणि जातहि. इराण्याकडे प्रथमच नुसता दाम पुरेसा झाला.

पण नुसता दाम सर्वत्र पुरत नव्हता, याची साक्ष एका मोठ्या माणसानें लिहून ठेविली आहे. सप्टेंबर १९१७ मध्यें डॉ. आंबेडकर बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. न्यूयॉर्क व लंडन येथें शिकून आलेल्या या तरुणास बडोद्यांत उतरावयास हिंदु हॉटेल मिळण्यासारखें नव्हतें. अखेर एका पारशी विश्रांतिगृहांत खोटें पारशी नांव नोंदवून ते राहिले. वरच्या मजल्यावर अडगळीनें भरलेला अंधारा दिवाणखाना आणि ते एकटे. अकराव्या दिवशीं सकाळीं डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचें फर्मान देऊन गेले. एक हिंदु व एक ख्रिस्ती अशा दोन स्नेह्यांकडे त्यांनीं आसरा मागितला. दोघांनींहि सबब सांगितली. मग सार्वजनिक बागेंत वेळ काढून त्यांनीं रात्रीची मुंबईची गाडी पकडली. खोलीचें भाडें ते देतच होते. नाणें खोटें नव्हतें. नांव खोटें घ्यावें लागलें होतें.

वॉट्सन्स हॉटेलची संशयास्पद गोष्ट आमच्या प्रत्येक मुलास ठाऊक असावी आणि बडोद्याची ही स्वहस्ताक्षरांतील हकीकत वर्गांतल्या चार-दोघांसच ठाऊक असावी, यांत स्मरणशक्तीचा दोष नाहीं. पहिल्या गोष्टींत दार लावणारा साहेब आहे. दुसरींत दार लावणारे आपण आहों.

न्यायाकरितां हेंहि सांगितलें पाहिजे कीं दार उघडणारेहि येथलेच होते. कोल्हापुरांत गंगाराम कांबळे या पागेंतील नोकरास पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मार बसला. शाहू छत्रपतींनीं त्यास स्वतंत्र धंद्यासाठीं साह्य केलें, आणि त्यानें 'सत्यसुधारक' नांवाचें चहाचें हॉटेल काढलें. गांव तिकडे फिरकेना. तेव्हां महाराज स्वतः आपली गाडी तेथें थांबवून चहा मागवीत, आणि बरोबरच्या मानकऱ्यांसहि तो घ्यावयास लावीत. १९२३ सालीं रावबहादुर बोले यांनीं मुंबई कायदेमंडळांत पाणवठे, धर्मशाळा इत्यादि सार्वजनिक जागा सर्वांस खुल्या करण्याचा ठराव संमत करून घेतला. त्याची अंमलबजावणी होईना, म्हणून १९२७ सालीं महाडास चवदार तळ्यावर जावें लागलें. पुढें १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांचा नांवानिशीं उल्लेख झाला, आणि १९५५ च्या कायद्यानें तेथें कोणास अस्पृश्य म्हणून अडविणें हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरला. एवढ्या गंभीर ग्रंथांत हॉटेलासारखी सामान्य वस्तु कशास, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं बडोद्याची हकीकत पुनः वाचावी.

आतां आमच्या ताटाविषयीं. १९८८ सालीं आम्ही पुण्यास इतिहास शिकत होतों आणि एका जुन्या वाड्यांत घरगुती खाणावळींत जेवीत होतों. दाराला पाटी नव्हती. चालविणाऱ्या काकू विधवा होत्या; पहाटे चार वाजतां उठून त्या वीस मुलांचा स्वयंपाक एकट्या करीत, आणि तापांत आम्हांस त्यांनीं मऊ भात स्वतः आणून दिलेला आहे. आमच्या बांकावर बसणारा, मराठवाड्यांतून आलेला एक स्नेही होता. वसतिगृहांतील जेवणानें त्याचें पोट बिघडे, म्हणून आम्हीच त्यास एके संध्याकाळीं काकूंकडे नेलें. काकूंनीं गांव विचारलें, मग आडनांव विचारलें, आणि जागा भरली असल्याचें सांगितलें. दोन पाट तर भिंतीशीं उभेच होते. स्नेही "बरं" म्हणून जिना उतरला. आम्ही मागें राहिलों. काकू हलक्या आवाजांत म्हणाल्या, "मला काय रे त्याचं? पण बाकीच्या मुलांना चालायचं नाहीं."

बाकीचीं मुलें म्हणजे आम्हीच होतों. आम्हांस कोणीं विचारलें नव्हतें, आणि "आम्हांला चालेल" एवढे दोन शब्द आमच्याहि तोंडून निघाले नाहींत. घटनेचें १५ वें कलम त्या वर्षीं परीक्षेकरितां आम्हांस तोंडपाठ होतें. महिन्याचे पैसे आगाऊ भरलेले होते, काकूंच्या हातास चव होती, आणि बाहेर पाऊस होता. अशीं कारणें त्या वेळीं पुरेशीं वाटलीं. आम्ही पाट मांडून जेवावयास बसलों, आणि पुढें दोन वर्षें तेथेंच जेवलों. स्नेही स्टेशनाजवळच्या एका हॉटेलांत राईस प्लेट खात असे. कारण तेथें कूपन फाडणारा आडनांव विचारीत नसे.

तीन वर्षांपूर्वीं एका व्याख्यानाच्या निमित्तानें आम्ही त्याच्या जिल्ह्याच्या ठिकाणीं गेलों. लॉजवर कारकुनानें आमच्या ओळखपत्राची प्रत घेतली, आडनांव मोठ्यानें वाचलें, आणि खोलीची किल्ली दिली. रात्रीं स्नेही भेटावयास आला व आम्ही दोघे खालच्या हॉटेलांत जेवलों. इतक्या वर्षांनंतर आम्हीं तो विषय काढला आणि काकूंबद्दल क्षमा मागूं लागलों. तो शांतपणें म्हणाला, "काकूंचं मला फारसं कांहीं वाटलं नाहीं रे. तसं ऐकायची संवय होती. पण दुसऱ्या दिवशीं वर्गांत तूं मला सांगितलंस, काल भरलं वांगं फार छान झालं होतं."

आम्हांस तें आठवत नव्हतें. त्यास पस्तीस वर्षें आठवत होतें. इतिहासाचा अध्यापक या नात्यानें आम्हांस याहून मोठा धडा कोणत्याहि दप्तरखान्यानें दिलेला नाहीं. दार लावणाऱ्यांची नोंद कधींमधीं सांपडते; आंत बसून जेवीत राहिलेल्यांची नोंद कोणी ठेवीत नाहीं, आणि तेच संख्येनें अधिक असतात. त्यांच्या न बोलण्यावरच ती खाणावळ चालत होती.

काकू आतां हयात नाहींत. वाड्याच्या जागीं पांच मजली इमारत झाली आहे. ज्या विद्यार्थिनीनें प्रश्न विचारला ती यंदा परीक्षा देऊन गेली. पुढच्या वर्षीं काळा घोड्यापाशीं वर्ग थांबेल तेव्हां टाटांची गोष्ट कोणी तरी सांगेलच, आणि ती आम्ही सांगूं देऊं. त्यानंतर मात्र घड्याळाकडे न पाहतां बडोद्याची हकीकत सांगूं, आणि ती संपल्यावर भरल्या वांग्याची.