रायपुरातील दोन वर्षे

बदलीच्या नोकरीतील माणसास ‘मुलाचे वर्ष वाया जाणे’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. प्रांत बदलला की भाषा बदलते, क्रमिक पुस्तके बदलतात आणि नव्या शाळेत मुलास कोणत्या इयत्तेत बसवावे हा प्रश्न बिऱ्हाडाच्या भाड्याहूनही बिकट होऊन बसतो. आम्ही ज्या रायपुरात नोकरीनिमित्त राहतो, त्या गावाशी या प्रश्नाचा एक जुना प्रसंग निगडित आहे.

१८७७ साली कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरास राहिले होते. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र हा ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन शाळेतला विद्यार्थी. तोही कुटुंबासह येथे आला. रेल्वे तेव्हा रायपुरापर्यंत पोहोचली नव्हती, त्यामुळे पुढची वाट रानावनांतून बैलगाडीने काटावी लागली. मुलास घालावे अशी शाळा येथे नव्हती, असे चरित्रकार सांगतात. वडिलांनी त्यास घरीच शिकविले आणि मोठ्या माणसांच्या चर्चेत बरोबरीने बसविले. १८७९ साली कुटुंब कलकत्त्यास परतले, तेव्हा दोन वर्षे शाळेबाहेर राहिलेल्या या मुलास पुन्हा वर्गात घ्यावे की नाही, अशी अडचण उभी राहिली. शिक्षकांचा त्याच्यावर लोभ होता. त्यांनी अपवाद करून त्यास घेतले. तीन वर्षांचा अभ्यास त्याने एका वर्षात उरकला व एन्ट्रन्स परीक्षेत पहिला वर्ग मिळविला. पुढे जग त्यास स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागले.

या कथेवरून ‘प्रतिभेस इयत्तेचे बंधन नसते’ असा बोध काढण्याची रीत आहे. आम्हांस तो अपुरा वाटतो. नरेंद्राजवळ प्रतिभा होतीच. पण त्याबरोबर घरी शिकविणारा विद्वान पिता होता आणि परत आल्यावर दार उघडणारे शिक्षक होते. ज्याच्यापाशी हे दोन्ही नाही, त्या मुलाचे काय होते, हा इतिहासाचा खरा प्रश्न होय.

त्याचे उत्तर १९२९ च्या हारटॉग समितीने आकड्यांत दिले. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांमागे १९२५-२६ साली चौथीत केवळ अठरा होती. उरलेल्यांपैकी कोणी शाळा सोडली, कोणी त्याच वर्गात अडकून राहिले. समितीने यास गळती व स्थगन अशी दोन नावे दिली. परंतु ही दोन दुखणी निराळी नव्हेत. एकाच बाकावर वर्षामागून वर्ष बसलेले मूल अखेर शेतावर किंवा गुरांमागे जाते, आणि मग त्यास नापास करावयासही कोणी उरत नाही.

आपल्याकडे धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांनी सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाची पाहणी करून १९५५ साली ती प्रसिद्ध केली. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा, ते जे. पी. नाईक हे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. आरंभीच्या इयत्तांचा एकच सलग टप्पा मानावा व त्यांत मुलाने आपापल्या गतीने पुढे सरकावे, अशी त्या आयोगाची शिफारस होती. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने आठवी पुरी होईपर्यंत कोणासही मागे ठेवू नये असे ठरविले. शाळेबाहेर राहिलेल्या मुलास वयानुरूप वर्गात घ्यावे व त्यास विशेष शिकवणी द्यावी, असेही त्याच कायद्याचे कलम ४ सांगते. कलकत्त्याच्या शिक्षकांनी एका मुलावर जी कृपा केली, ती येथे सर्व मुलांचा हक्क झाली!

परंतु कलमाचा पहिला भाग पाळणे सोपे. दुसऱ्यास शिक्षक लागतात, वेळ लागतो. वर्ग चढविले गेले, शिकवणी मात्र पुष्कळ ठिकाणी मागे राहिली. पाचवीतील मुलास दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, ही तक्रार वाढली आणि २०१९ साली कायदा बदलला. डिसेंबर २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या शाळांत पाचवी व आठवीच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलास जादा शिकवणी देऊन दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेस बसविले जाते; तरीही जमले नाही तर ते त्याच वर्गात राहते. बदलीवाल्यांच्या मुलांसाठी, दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून, १९६३ पासून निघालेली केंद्रीय विद्यालये यांतच येतात; म्हणून हा विषय वाचकांपैकी अनेकांच्या घरचा आहे.

चढवावे की थांबवावे, या वादात दोन्ही पक्ष निकालाच्या दिवसाकडे पाहतात. आम्हांस त्यापुढचे दोन महिने अधिक मोलाचे वाटतात. तेच पुस्तक त्याच रीतीने पुन्हा वाचून घेतले तर थांबविणे ही शिक्षाच ठरते. काहीच न शिकविता पुढे ढकलले तर चढविणे ही फसवणूक होते. रायपुरातील ती दोन वर्षे वाया गेली नाहीत, कारण शाळा नसतानाही कोणीतरी त्या मुलास रोज शिकवीत होते. शाळा असताना तेवढे तरी प्रत्येक मुलाच्या वाट्यास यावे.