दफ्तर, नस्ती आणि फलक

बंगळुरूच्या आग्नेयेला होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान बंगळुरू विकास प्राधिकरणाने एक वसाहत आखली. या रस्त्यांच्या आद्याक्षरांवरूनच तिला एचएसआर लेआउट हे नाव पडले. शेजारी आगरा गावाचे जुने तळे आहे. सात सेक्टर, आखीव रस्ते, मधोमध उद्याने, अशी ही राहण्यासाठी केलेली वस्ती. आता तिथल्या घराघरांतून आणि दुकानांच्या वरच्या मजल्यांवर छोट्या संगणक कंपन्या थाटलेल्या दिसतात. त्यांत पुण्या-नागपूरकडची, सोलापूर-लातूरकडची मराठी मुले-मुली मोठ्या संख्येने काम करतात. मी शासकीय सेवेतला आहे असे कळले की त्यांच्यापैकी काही जण गमतीने विचारतात, "काका, तुमच्याकडे काम कुठल्या सॉफ्टवेअरवर चालते? आमच्याकडे वर्षात तिसरे बदलले." त्यांच्या बोलण्यात जिरा, ट्रेलो, असाना, बेसकॅम्प, झोहो प्रोजेक्ट्स अशी नावे येतात.

मी संगणकतज्ज्ञ नाही. पण अनेक हातांनी मिळून करायच्या कामाचा माग कसा ठेवायचा, हा प्रश्न संगणकापेक्षा फार जुना आहे, आणि प्रशासनाने त्याच्याशी शतकानुशतके झटापट केली आहे. म्हणून या साधनांची तुलना इतिहासाच्या अंगाने करावी असे वाटले. कुठल्याही साधनाला चार प्रश्न विचारता येतात. काम आत्ता कोणाकडे आहे? कधीपासून आहे? थांबले असेल तर का थांबले? आणि या तीन प्रश्नांची उत्तरे कोणाकोणाला दिसतात? पहिल्या तिन्हींवर बहुतेक सगळी साधने खरी उतरतात. चौथ्यावर मात्र त्यांचे खरे स्वभाव उघडे पडतात.

बंगळुरूत बसून मराठी कारभाराचा विचार करताना पहिले नाव शहाजीराजांचे येते. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या कर्नाटकातल्या कारभाराची घडी बसवणाऱ्यांत नारोपंत हणमंते होते. त्यांचे पुत्र रघुनाथपंत पुढे शिवाजीमहाराजांच्या सेवेत गेले. राज्यव्यवहारकोश हा ग्रंथ रघुनाथपंतांच्या नावाशी जोडला जातो. दरबारातल्या फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश भाषाशुद्धीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, आणि ते बरोबरच आहे. पण प्रशासकाच्या नजरेने पाहिले तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. अनेक माणसांनी एकत्र काम करायचे तर एका शब्दाचा सर्वांनी एकच अर्थ घेतला पाहिजे. आजची सॉफ्टवेअरही वापरणाऱ्याला आधी शब्दच शिकवतात. 'काम संपले' म्हणजे नेमके काय, यावर एकमत नसलेल्या संघाला कोणतेही साधन तारू शकत नाही.

१६७४ च्या राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांची कामे लेखी ठरवून दिली गेली. सचिवाकडे राजपत्रे तपासून त्यांतले अधिक-उणे दुरुस्त करण्याचे काम होते. पत्राच्या शेवटी उठवायच्या मुद्रेला मोर्तब म्हणत. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी भर घालू नये, असा तिचा अर्थ. आपण आजही एखाद्या निर्णयावर 'शिक्कामोर्तब' झाले असे म्हणतो, तेव्हा त्या जुन्या कार्यपद्धतीचाच उल्लेख करत असतो.

पुढे म्हैसूरच्या राज्यात कन्नडच्या बरोबरीने मराठीतही हिशेब ठेवले जात. एकच व्यवहार दोन भाषांत, दोन वेगळ्या कारकुनांनी लिहिला की एकावरून दुसरा पडताळता येतो. १८६० च्या दशकात बंगळुरूत सरकारी खात्यांसाठी जी लाल इमारत उभी राहिली, तिला लोक अठरा कचेरी म्हणू लागले, कारण अठरा खाती तिथे एका छपराखाली आली. आज तिथे उच्च न्यायालय आहे. सगळ्यांना एकत्र बसवले की समन्वय आपोआप होतो, ही समजूतही तेव्हापासूनची म्हणावी लागेल.

मराठी कारभारातले सर्वांत प्रगत साधन म्हणजे पुण्याचे पेशवे दफ्तर. नाना फडणविसांच्या काळात हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करत. चालते दफ्तर वेगळे आणि एकबेरीज दफ्तर वेगळे. चालत्या दफ्तरात फड, बेहेडा, सरंजाम अशा शाखा. रोजचा व्यवहार रोजकीर्दीत, विषयवार नोंद खतावणीत, आणि एकबेरजेत वर्षावर्षांच्या जमाखर्चाची तुलना. चालू काम आणि झालेल्या कामाचा गोषवारा यांची अशी स्वच्छ फारकत आजच्या कित्येक संगणकीय साधनांतही आढळत नाही.

या दफ्तराचा पुढचा इतिहासही तितकाच बोधप्रद आहे. १८०० मध्ये नाना गेले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दफ्तराची आबाळ झाली. पद्धत तीच आणि रुमालही तेच होते, पण रोज संध्याकाळी नोंद पुरी झाली की नाही हे पाहणारा माणूस राहिला नाही. १८१८ नंतर दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८५० च्या दशकात इनाम आयोगाने याच कागदांच्या आधारे लोकांची इनामे तपासली आणि अनेकांची खालसा केली. आपल्याच लोकांनी लिहिलेली नोंद परक्याच्या हाती गेली, की ती आपल्याविरुद्ध साक्षही देऊ शकते. उलट, १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्याच दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, आणि मराठ्यांचा इतिहास नव्या पुराव्यांवर लिहिता आला. नोंद करणाऱ्याला तिचे पुढचे वाचक ठाऊक नसतात, एवढे यातून ध्यानात ठेवावे.

इंग्रजांनी आपल्याला नस्ती दिली. एका बाजूला पत्रव्यवहार, दुसऱ्या बाजूला टिपणी. आवकेची टपाल नोंद होऊन कार्यासनाकडे येते, लिपिक टिपणी मांडतो, ती एकेक पायरी वर चढते, निर्णय होतो आणि त्याच वाटेने खाली उतरते. या पद्धतीची थट्टा पुष्कळ झाली आहे आणि ती अस्थानी नाही. 'चर्चा करावी' एवढे दोन शब्द लिहून नस्ती महिनोन् महिने झोपवता येते, हे आम्ही सगळे जाणतो. पण नस्तीचा एक गुण थट्टेत हरवतो. कनिष्ठाने 'हे नियमात बसत नाही' असे लिहिले आणि वरिष्ठाने ते डावलले, तर दोघांची मते स्वाक्षरी व दिनांकासह कायम राहतात. काय ठरले याबरोबर का ठरले आणि कोणाचा विरोध होता, हेही नस्ती सांगते. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ मध्ये आला. या टिपण्या त्यातून वगळण्याचा विचार २००६ मध्ये केंद्रात झाला, तेव्हा देशभर विरोध झाला आणि तो बारगळला. लोकांना टिपणीची किंमत कळली होती.

महाराष्ट्रातल्या कार्यालयांत लिपिकाच्या टेबलासाठी सहा गठ्ठ्यांची पद्धत आहे. पहिला प्रलंबित प्रकरणांचा, दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा, तिसरा नियतकालिकांचा, चौथा स्थायी आदेशांचा, पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या प्रकरणांचा आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा. आता ट्रेलोचा फलक डोळ्यांपुढे आणा. करायचे, चालू, झालेले असे रकाने, आणि कार्ड एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवायचे. या मांडणीमागची कल्पना जपानच्या टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी रुजवलेल्या कानबान पद्धतीकडे जाते. दोन्ही पद्धती एकमेकींना न ओळखता एकाच जागी पोहोचल्या. त्यांतला फरक मात्र मोलाचा आहे. आपल्या सहा गठ्ठ्यांत 'प्रतीक्षाधीन' हा वेगळा गठ्ठा पहिल्यापासून आहे. माझ्याकडचे काम मी केले, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहतो आहे, ही अवस्था 'प्रलंबित'हून निराळी. तीन रकान्यांच्या साध्या फलकावर तिला जागाच नसते. उलट, हाती घेतलेल्या कामांची संख्या मर्यादित ठेवायची, जुने संपल्याखेरीज नवे उचलायचे नाही, हा कानबानचा गाभा आमच्या टेबलाला परवडत नाही. दारी आलेला अर्ज 'आज जागा नाही' म्हणून परत पाठवता येत नाही.

संगणकीय साधनांची वंशावळ दुहेरी आहे. एक शाखा आधी आराखडा आखणाऱ्यांची. हेन्री गँट यांचे तक्ते १९१० च्या दशकातले, आणि अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी तयार झालेली पर्ट पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीची. धरण, पूल, रस्ता अशा कामांत, जिथे एक संपल्याशिवाय दुसरे सुरू होत नाही, तिथे ती आजही उपयोगी पडते. दुसरी शाखा येईल ते काम नोंदवून निपटणाऱ्यांची. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅटलासियन कंपनीचे जिरा २००२ मध्ये आले ते प्रोग्राममधल्या चुका नोंदवण्यासाठी. २००४ चे बेसकॅम्प लेखी संवादावर भर देणारे. २०११ चे ट्रेलो कार्ड आणि फलकांचे, आणि २०१७ मध्ये तेही अ‍ॅटलासियननेच विकत घेतले. असानामध्ये एका कामाला एकच जबाबदार माणूस नेमता येतो, तर ट्रेलोच्या एका कार्डावर अनेकांची नावे घालता येतात.

हा शेवटचा फरक बारीक वाटेल, पण माझ्या अनुभवात तो सर्वांत निर्णायक आहे. एकच पत्र दोन कार्यासनांकडे 'आवश्यक कार्यवाहीसाठी' पाठवले की कार्यवाही कोणीच करत नाही. दोघांनाही खात्री असते की दुसरा पाहतो आहे. एका कार्यालयात एका निवृत्त शिक्षिकेचे निवृत्तिवेतन याच कारणाने अकरा महिने अडलेले मी पाहिले आहे. प्रत्येक नोंदवहीत प्रकरण 'पुढे पाठवले' असेच होते. नियमभंग कोणीही केलेला नव्हता आणि बाईंच्या हाती मात्र काहीही पडलेले नव्हते. तेव्हा साधन कोणतेही घ्या, एका कामाला एकच नाव लावण्याची शिस्त त्यात असू द्या.

आता चौथा प्रश्न. नस्ती फक्त वरच्याला दिसते, शेजारच्या टेबलाला नाही आणि अर्जदाराला तर नाहीच. फलक संघातल्या सर्वांना दिसतो. १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची बैठक बदलली, अभिलेखांची नव्याने मांडणी केली, कार्यपद्धती सोप्या केल्या आणि नागरिकांसाठी एक खिडकी उघडली. 'लखीना पॅटर्न' म्हणून गाजलेला हा प्रयोग संगणकाविना झाला. काम दिसू लागले की ते हलू लागते, हे त्याने दाखवून दिले. महाराष्ट्राच्या २००५ च्या विलंब प्रतिबंधक कायद्याने नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कार्यालयीन दिवसांपेक्षा जास्त थांबू नये असे बंधन घातले. कर्नाटकाने 'सकाल' योजनेतून २०१२ पासून सेवांना मुदती घालून अर्जदाराला क्रमांक दिला, त्यावरून अर्ज कुठे आहे हे त्याला पाहता येते. दिशा योग्य आहे.

कागदाची दुबळी बाजू २१ जून २०१२ रोजी मुंबईने पाहिली. मंत्रालयाला आग लागली, पाच जणांचे प्राण गेले आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य नस्त्या जळाल्या. पण संगणकावर आले म्हणजे कायमचे झाले, असेही नाही. कंपनी बंद पडली, वर्गणी भरायची राहिली किंवा साधन बदलले की चर्चांचा सगळा माग नाहीसा होतो. वर्षात तीन साधने बदलणाऱ्या कंपनीला दोन वर्षांपूर्वीचा निर्णय कोणी आणि का घेतला, हे सांगता येईल का? पेशव्यांचा कारकून अडीचशे वर्षांनंतरही सांगू शकतो.

म्हणून एचएसआर लेआउटमधल्या माझ्या तरुण मित्रांना मी कोणत्याही एका साधनाचे नाव सुचवत नाही. निवड करताना एवढे पाहावे : प्रत्येक कामाला एकच जबाबदार नाव आहे का, 'प्रतीक्षाधीन'साठी वेगळी जागा व कारण लिहिण्याची सोय आहे का, विरोधी मत नोंदवता येते का आणि ते कोणी पुसू शकत नाही ना, आणि साधन सोडताना सगळी नोंद आपल्याबरोबर नेता येते का. आणि शासनातल्या माझ्या सहकाऱ्यांना एवढेच सांगणे, की आपल्या नस्तीत 'का' जपले गेले, आता ती कुठे अडली आहे हे अर्जदाराला दिसू द्यावे. ई-ऑफिस आले म्हणून ते आपोआप होणार नाही. बाजीरावाच्या काळातही रोजकीर्दी होत्याच. त्या रोज पाहणारा नाना नव्हता.