पदवीच्या प्रबंधाला वाचक मिळाला

हार्वर्डमध्ये पदवीच्या मुलांच्या लेखनाला बक्षीस देण्याची रीत जुनी. मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर जेम्स बोडन यांनी मृत्युपत्रात त्यासाठी रक्कम ठेवली आणि १७९१ मध्ये त्यांच्या नावाचे निबंध-पारितोषिक स्थापन झाले. राल्फ वाल्डो इमर्सन यांनी १८२० मध्ये सॉक्रेटिसवर आणि १८२१ मध्ये नीतिशास्त्रावर निबंध लिहून ते मिळवले. दोन्ही वेळा दुसऱ्या क्रमांकाचे.

पण स्पर्धेसाठी निबंध लिहिणे वेगळे आणि वर्षभर एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवणे वेगळे. हार्वर्डचे अध्यक्ष लोवेल यांच्या कारकिर्दीत (१९०९ ते १९३३) विद्यार्थ्याने शिक्षकासमोर बसून शिकण्याची ट्युटोरियल पद्धत तिथे रुजली. ऑनर्सच्या प्रबंधाला त्यातूनच बळ आले. १९१९च्या तुकडीचे थॉमस टेम्पल हूप्स याच काळातले. पुढे सेंट लुईसच्या कलासंग्रहालयात त्यांनी जुनी शस्त्रे आणि चिलखते यांचा अभ्यास केला. त्यांच्या मालमत्तेतून १९८०च्या दशकात पदवीच्या विद्यार्थ्यांच्या उत्कृष्ट कामासाठी हूप्स पारितोषिक उभे राहिले.

या पारितोषिकाची रचना मला फार मोलाची वाटते. विद्यार्थी स्वतःचे नाव स्वतः पुढे करू शकत नाही. मार्गदर्शकाने शिफारस करावी लागते. निवड झाली की विद्यार्थ्याबरोबर मार्गदर्शकालाही वेगळी रक्कम मिळते. अर्धवट मसुदे वाचणारा, ‘हे पुन्हा लिही’ म्हणणारा, रात्री उशिरा आलेल्या प्रकरणावर पेन्सिलीने खुणा करणारा शिक्षक एरवी कुणाच्या हिशेबात नसतो. इथे तो आहे. प्रयोगशाळेतले काम, इतिहासाचा प्रबंध, कथासंग्रह या सगळ्यांना दार एकच. सर्जनशील लेखनाला संशोधनाच्या पंगतीत बसवणारी विद्यापीठे आजही थोडी आहेत.

निवडलेली कामे बांधून लॅमाँट ग्रंथालयात ठेवतात आणि पुढची दोन वर्षे ती तिथे वाचता येतात. हे ग्रंथालय १९४९ मध्ये खास पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उघडले; मुलींना मात्र तिथे १९६७ पर्यंत मज्जाव होता. आज त्याच फडताळांवर मुलींचे प्रबंध असतात. नवी मुले ते चाळतात, विषय कसा आवळला, तळटिपा कशा दिल्या, ते पाहून घेतात. माझ्या मते खरे बक्षीस तेच. पैसे खर्चून जातात.

आपल्याकडेही अशी सोय करता येईल. महाराष्ट्रात २००६ पासून ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धेने पदवीच्या मुलांना संशोधनाचे व्यासपीठ दिले. आता यूजीसीच्या २०२२च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणारा विद्यार्थी चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेऊ शकतो. त्यात १२ श्रेयांकांचा प्रकल्प असतो. हे प्रकल्प तोंडी परीक्षेनंतर विभागाच्या कपाटात कुलूपबंद होऊ नयेत. महाविद्यालयांनी त्यातले निवडक तरी ग्रंथालयात मांडावेत, आणि मुखपृष्ठावर मार्गदर्शकाचे नाव विद्यार्थ्याच्या नावाइतक्याच ठळक अक्षरात छापावे.