सरहद्द कॅम्प (हैदराबाद मुक्तिसंग्राम)

निजामाच्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी १९४७-४८ मध्ये हैदराबाद संस्थानच्या सीमेलगत, भारतीय प्रदेशात उभारलेली प्रतिकाराची केंद्रे. लिखाणात ‘शिबिर’ हा शब्द आढळतो. मराठवाड्यात मात्र ‘कॅम्प’ हेच नाव रूढ झाले.

स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ रोजी ‘भारतीय संघराज्यात सामील व्हा’ दिन पाळला. १५ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली आणि दिगंबरराव बिंदू यांच्या नेतृत्वाखालील कृती समितीने लढ्याची सूत्रे हाती घेतली. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ कराराने भारत सरकारचे हात औपचारिक रीत्या बांधले गेले होते. तथापि लगतच्या प्रांतांतील अधिकाऱ्यांनी कॅम्पांकडे बहुधा काणाडोळाच केला.

मराठवाड्याच्या पश्चिमेस मुंबई प्रांत व उत्तरेस वऱ्हाड होते. बार्शी, मनमाड, चांदा, उमरखेड आदी ठिकाणी कॅम्प निघाले. उमरखेडच्या बाजूस पैनगंगा हीच सरहद्द असल्याने नदी ओलांडताच संस्थानी पोलिसांची सत्ता संपे. आरंभी सिंदीची झाडे तोडून अबकारी उत्पन्न बुडविणे व पटवाऱ्यांची दप्तरे जाळणे असे कार्यक्रम होते. कासीम रझवीच्या रझाकार संघटनेचे अत्याचार वाढले, तसे करोडगिरी नाके आणि पोलीस ठाणी यांवर सशस्त्र हल्ले सुरू झाले. तत्कालीन परभणी जिल्ह्यातील वापटीचे (आता हिंगोली जिल्हा) बहिर्जी शिंदे अजेगाव येथील चकमकीत हुतात्मा झाले. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरखेड कॅम्पच्या तुकडीने उमरी (जि. नांदेड) येथील स्टेट बँकेवर छापा घालून सुमारे वीस लाख रुपये लढ्यासाठी नेले. अनंत भालेराव यांच्या ‘पेटलेले दिवस’ या ग्रंथात त्या काळाचे प्रत्यक्षदर्शी वर्णन आहे. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या शेतकरी स्त्रियाही हातबॉम्ब घेऊन या लढ्यात उतरल्या.

जर्मनव्याप्त फ्रान्समधील गुप्त प्रतिकारकांना, ज्यांच्यावर झां-प्येर मेलव्हिल यांनी १९६९ मध्ये ‘आर्मी ऑफ शॅडोज’ हा गाजलेला चित्रपट काढला, सुरक्षित पिछाडी अशी नव्हतीच. शत्रूच्या डोळ्यांदेखत नाव बदलून राहावे लागे. मराठवाड्यातील सैनिकास ती पिछाडी होती. ती नव्हती गावकऱ्यास. सेलू तालुक्यातील वालूरसारख्या अंतर्भागातील गावांना सरहद्द दूर पडे. तुकडी रातोरात परतली, तरी तिला भाकरी देणारा, वाट दाखविणारा माणूस मागे उरे आणि खबऱ्याने नाव सांगितल्यास सूड त्याच्या घरावर उगवे. लढ्याच्या इतिहासात छापे ठळक नोंदले गेले. या लोकांची नावे क्वचितच आली, हा त्या इतिहासातील मोठा उणेपणा होय. रझाकारांना विरोध करणारे सर्व एका धर्माचे नव्हते, हेही विसरले जाते : ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले व १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. कॅम्प बंद झाले. त्यानंतर अनेक भागांत मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. त्यांची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला. तिचा अहवाल २०१३ पर्यंत जनतेस उपलब्ध नव्हता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे जिल्हे त्यात सर्वाधिक पीडित म्हणून नोंदलेले आहेत.