इंग्रजी व्याकरणाचे बालशिक्षण

इंग्रजी व्याकरणाचे बालशिक्षण : साधारण पाच ते दहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी वाक्याची घडण शिकवण्याची रीत. शब्दांचा क्रम, एकवचन-अनेकवचन, ‘इज’ आणि ‘आर’, ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे, साधे काळ, प्रश्न आणि नकार एवढाच भाग या वयात येतो. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीत येई. पाचवीच्या मुलाला मराठीतले नाम, क्रियापद ठाऊक झालेले असे आणि त्या शब्दांच्या आधाराने त्याला इंग्रजी समजावता येई. सहा वर्षांच्या मुलाजवळ तो आधार नसतो. त्यामुळे पाचवीची पद्धत पहिलीत जशीच्या तशी चालत नाही.

जुनी पद्धत लॅटिनच्या साच्यातून आली. रॉबर्ट लाउथ यांचे इंग्रजी व्याकरण 1762 साली निघाले. त्यानंतर 1795 मध्ये लिंडली मरे यांनी यॉर्क शहरातल्या मुलींच्या एका शाळेसाठी लिहिलेले व्याकरण इंग्लंड-अमेरिकेत पुढे कित्येक दशके चालले. व्याख्या पाठ करायची, वाक्यातला एकेक शब्द सुटा करून त्याची जात सांगायची, मुद्दाम चुकीची छापलेली वाक्ये दुरुस्त करायची, असा तो क्रम होता. त्याच शतकाच्या अखेरीस एलेनर फेन या लेखिकेने मात्र घरी आयांनी लहान मुलांना शिकवण्यासाठी सोपी व्याकरणे लिहिली. लहानांचे व्याकरण वेगळे हवे, ही जाणीव इतकी जुनी आहे.

मराठीशी या परंपरेचे जवळचे नाते आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठी व्याकरणाच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाप होती. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या शब्दांच्या आठ जाती मराठीत आणि इंग्रजीत इतक्या सारख्या दिसतात, याचे मूळ तिथे सापडते. पुढे दुसऱ्या एका तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी घरांतल्या अनेक पिढ्यांनी इंग्रजी गिरवले. नियम, उदाहरण, मग दोन्ही दिशांनी भाषांतर ही तिची रीत मोठ्या विद्यार्थ्याला उपकारक ठरली. वाचन-लेखन नुकते शिकणाऱ्या मुलाला ती पेलत नाही.

मूल नियम कसा उचलते, हे जीन बर्को यांनी 1958 मध्ये एका साध्या प्रयोगातून दाखवले. पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्यांनी मुलांना त्याचे नाव ‘वग’ असे सांगितले. मग दोन प्राणी दाखवून विचारले, आता हे कोण? बहुतेक मुलांनी ‘वग्ज’ असे उत्तर दिले. हा शब्द त्यांनी कधीच ऐकलेला नव्हता, म्हणजे पाठांतराचा प्रश्नच नव्हता. नियम त्यांच्या कानातून आत गेला होता. पण ‘टॅस’ या बनावट शब्दाचे अनेकवचन करताना बरीच मुले अडली. कॅट्समधला ‘स’, डॉग्जमधला ‘झ’ आणि बसेसमधला जादा स्वर यांतला शेवटचा टप्पा इंग्रजी घरातल्या मुलांनाही उशिरा साधतो.

रॉजर ब्राउन यांनी तीन मुलांच्या बोलण्याच्या नोंदी ठेवून 1973 मध्ये असे 14 व्याकरणिक घटक कोणत्या क्रमाने येतात ते मांडले. ‘रनिंग’मधला ‘इंग’ आधी येतो. ‘शी सिंग्ज’मधला शेवटचा ‘स’ किंवा ‘झ’ बराच मागाहून. मराठी शाळेत मात्र याच प्रत्ययासाठी मुलांच्या वह्या लाल होतात.

मराठी मुलाची अडचण त्याच्या भाषेच्या सवयीतून समजते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसते, म्हणून ‘आय मँगो ईट’. शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे लागते, म्हणून ‘टेबल ऑन’. खुर्ची ती, फळा तो आणि पुस्तक ते. मग निर्जीव चेअरला ‘शी’ म्हणण्यात मुलाच्या दृष्टीने काहीच गैर नाही. मराठी प्रश्न शेवटच्या ‘का’वर भागतो आणि ‘यू आर कमिंग का?’ असे वाक्य वर्गात सर्रास ऐकू येते. ‘डू’ नावाचे क्रियापद मध्येच येऊन प्रश्न उभा करते, ही गोष्ट या मुलाला सर्वस्वी नवी असते. उपपदे तर मराठीत नाहीतच. ‘माझ्याकडे पेन आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’ आणि ‘मला ताप आहे’ या तीन वेगळ्या वाक्यांसाठी इंग्रजीत एकच ‘आय हॅव’ पुरते, हे कळले की मुलांचे चेहरे खुलतात.

सर्वांत मोठा गोंधळ त्या एका ‘स’चा. नामाला तो लागला की वस्तू अनेक होतात, क्रियापदाला लागला की कर्ता एकटा असतो : ‘द डॉग रन्स’, ‘द डॉग्ज रन’. मराठीत गातो, गाते, गातात असा बदल पदोपदी होतो. इंग्रजीत बाकी सगळीकडे ‘सिंग’च राहते आणि फक्त तो, ती, ते यांच्यापाशी शेपूट फुटते. हा फरक मराठीतून दोन वाक्यांत सांगितला तर मुलाला पटतो. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलू न देणारे वर्ग ही सोय विनाकारण गमावतात.

वर्गातल्या रीतींत कृतीची रीत लहानांना सर्वांत मानवते. जेम्स ॲशर यांनी 1960च्या दशकात तिला शास्त्रीय रूप दिले : शिक्षक आज्ञा देतात, मुले हालचालीने उत्तर देतात, बोलण्याची घाई नसते. आपल्याकडचा ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ इंग्रजीत खेळला की नेमके हेच घडते. ‘पुट द पेन ऑन द बुक’, मग ‘अंडर द बुक’. हात हलतो आणि अव्ययाची जागा लक्षात राहते. थोड्या मोठ्या मुलांसाठी एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत वेगळी वाट चोखाळली. नियम न सांगता त्यांनी मुलांना नकाशे, वेळापत्रके यांवरची कोडी सोडवायला दिली. लक्ष अर्थावर असताना व्याकरण आपोआप घडते, हे त्यांचे गृहीतक होते.

‘गो-वेंट-गॉन’च्या पाठांतराला स्थान नाही असे नव्हे, ताल मुलांना आवडतो. मात्र तीच रूपे गोष्टीत वारंवार कानावर पडायला हवीत. अधूनमधून मूल ‘गोएड’ म्हणेल. भूतकाळाचा नियम त्याला सापडल्याची ती खूण आहे. तिथे पेन न उचलता शिक्षकांनी ‘हो, ही वेंट होम’ एवढे बरोबर रूप सहज बोलून पुढे जावे.